घरची भाषा, शाळेची भाषा: वाचकांचे प्रश्न

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीचे दोन महिने माध्यम कोणतं, तुकडी कोणती, सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीतून) घ्यावं का, याच बोलण्यात जातात. या वेळी नागपूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं भाषेविषयी होती. त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: आम्ही मानेवाड्याला राहतो. मुलगा इंग्रजी शाळेत, केजी-टूमध्ये आहे. पालकसभेत बाई म्हणाल्या, घरी इंग्रजीच बोला, नाहीतर मागे पडेल. माझं इंग्रजी कामापुरतं, सासूबाईंना तर येतच नाही. घरी मराठी बंद करावी का?

उत्तर: नाही, बंद करू नका. पाच वर्षांचं मूल घरी नुसते शब्द शिकत नाही. झालेली गोष्ट क्रमाने सांगणं, कारण देणं, ‘म्हणून’ आणि ‘तरीसुद्धा’ यांतला फरक ओळखणं, हे सगळं ते घरच्या बोलण्यातून शिकतं. कामापुरत्या इंग्रजीत आई मुलाशी बोलायला लागली की उरतात त्या फक्त आज्ञा: ‘ईट फास्ट’, ‘कम हिअर’, ‘डोन्ट टच’. शिवाय आजीशी बोलणं थांबतं, ते वेगळंच. म्हणजे इंग्रजी थोडंसं वाढतं आणि भाषा मात्र एकूण कमी होते.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून एक फरक लावून धरला आहे. नव्या भाषेत खेळण्या-बोलण्यापुरती सफाई साधारण दोन वर्षांत येते, पण त्याच भाषेत धडा समजून घ्यायला, उत्तर लिहायला पाच ते सात वर्षं लागतात. त्यामुळे मुलगा फाडफाड बोलायला लागला म्हणून त्याला सगळं कळतं असं धरू नका, आणि केजीत बोलत नाही म्हणून घाबरूही नका.

बाईंना मात्र एक नेमका प्रश्न विचारा: त्याला वर्गात कुठे अडतं? बहुतेक वेळा अडतं ते रोजच्या सूचनांशी. पंचवीसेक वाक्यं असतात, ‘ओपन युवर बुक’, ‘स्टँड इन अ लाइन’, ‘मे आय ड्रिंक वॉटर’ अशी. ती यादी मागून घ्या आणि घरी खेळताखेळता पाठ करून टाका. रात्री २० मिनिटं मराठीतली गोष्ट वाचा आणि तीनच प्रश्न विचारा: काय झालं, का झालं, तू असतास तर काय केलं असतंस. शाळेचं इंग्रजी चित्रपुस्तक १० मिनिटं, चित्रावर मराठीत गप्पा मारत.

एक खूण लक्षात ठेवा. अडचण फक्त इंग्रजीत असेल तर तो वेळेचा प्रश्न आहे. पण काल काय केलं हे मराठीतही त्याला सांगता येत नसेल, दोन सूचना एकत्र दिल्या की दुसरी सुटत असेल, तर आधी कान तपासून घ्या.

प्रश्न: मी महापालिकेच्या मराठी शाळेत पहिलीला शिकवते, कळमना भागात. पटावर ३४ मुलं. निम्म्या घरांत हिंदी, सहा-सात मुलं छत्तीसगडी बोलणारी, बाकीची आपली नागपुरी मराठी. पुस्तक सगळ्यांना एकच. सुरुवात कशी करू?

उत्तर: पहिला आठवडा पुस्तक बाजूला ठेवा आणि भाषांची नोंद करा. एका मुलाला पाच मिनिटं, दिवसाला सात मुलं, म्हणजे पाच दिवसांत पट पूर्ण होतो. आईशी आणि आजीशी कोणत्या भाषेत बोलतोस ते विचारा. एक चित्र दाखवून ‘इथं काय चाललंय’ हे त्याच्या कोणत्याही भाषेत सांगू द्या. मग मराठीत तीन सूचना द्या: दार लाव, पाटी खाली ठेव, तुझ्या मागे कोण बसलंय ते सांग. वहीत तीन रकाने आखा: कळतं आणि बोलतो, कळतं पण बोलत नाही, कळत नाही.

दुसरी सूचना मुद्दाम घातली आहे. हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामं. ‘पाटी खाली ठेव’ म्हटल्यावर हिंदी घरातलं मूल पाटी पुसून कोरी करून हातातच धरून बसतं. त्याने ऐकलं, विचार केला आणि त्याच्या भाषेप्रमाणे बरोबरच केलं. वर्गात मात्र ‘ऐकत नाही’ असा शिक्का बसतो. असे शब्द बरेच आहेत: ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण, मराठीत दंड, ‘राग’ हिंदीत गाण्यातला, मराठीत संताप. पहिल्या महिन्यात या शब्दांसोबत हाताची खूण करत चला.

बसवताना हिंदीवाले एका कोपऱ्यात, मराठीवाले एका कोपऱ्यात असं करू नका. तिघांचा गट करा: एक पहिल्या रकान्यातला, एक तिसऱ्या रकान्यातला आणि त्याच्याच भाषेचा एक सोबती. ३४ मुलांचे ११ गट होतात, एका गटात चौघं. सोबती लागतोच. अनोळखी भाषेत एकटं पडलेलं मूल महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही.

पहिले सहा आठवडे भर बोलण्यावर असू द्या. भाषेची दीड तासाची वेळ असेल तर ४० मिनिटं गप्पा, गोष्ट, गाणी. २५ मिनिटं आवाजांचे खेळ. २५ मिनिटं अक्षरं. मूल म्हणालं, ‘वो गिर गया’, तर ‘मराठीत बोल’ म्हणू नका. ‘हो, तो पडला. कुठं पडला?’ असं त्याचंच वाक्य मराठीत करून पुढे न्या. त्याला शब्द मिळतो, अपमान होत नाही आणि गोष्टही थांबत नाही.

भिंतीवर एक मोठा कागद लावा. पेरूचं चित्र काढा आणि कोण काय म्हणतं ते विचारून खाली लिहा: पुस्तकातला पेरू, आपल्याकडचा जाम, हिंदीतला अमरूद, छत्तीसगडीतली बिही. टोमॅटोखाली भेदरं, टमाटर, पताल. पुस्तकातल्या शब्दाखाली लाल रेघ ओढा. आठवड्याला पाच चित्रं पुरेत. ‘पताल’ सांगणाऱ्या पोराकडे त्या दिवशी सगळा वर्ग वळून बघतो, आणि नंतर तेच पोर ‘टोमॅटो’ हा शब्द विसरत नाही.

आता अक्षरं. अ-आ-इ-ई आणि मग बाराखडी या क्रमाने गेलात तर अर्थाचा शब्द हाती यायला दिवाळी उजाडते. सात खुणांपासून सुरुवात करा: क, म, न, ल, र, काना आणि दुसरी वेलांटी. एवढ्यावर नाक, कान, काम, लाल, मामा, मामी, काका, काकी, नाना, नानी, नाला, राम इतके शब्द होतात. हे सगळे शब्द हिंदी, छत्तीसगडी आणि मराठी, तिन्ही घरांत ओळखीचे आहेत. हे फार मोलाचं आहे. मूल जेव्हा ‘ना-क’ जुळवतं तेव्हा ते बरोबर वाचलं की नाही हे त्याला स्वतःला कळलं पाहिजे, आणि ओळखीचा शब्द असेल तरच ते कळतं. पहिल्याच आठवड्यात ‘कणीस’, ‘बदक’ दिलं तर हिंदी घरातलं मूल अक्षरं बरोबर जुळवूनही बाईंच्या तोंडाकडे बघत बसतं.

दुसऱ्या टप्प्यात प, ब, त, स, ट, ग, मात्रा आणि काना-मात्रा. पहिली वेलांटी उशिरा घ्या. ती लिहायची आधी आणि बोलायची नंतर, त्यामुळे मुलं ती हमखास पुढच्या अक्षराला लावतात. ळ आणि ण तिसऱ्या टप्प्यात, तेही आधी कानाने. माल-माळ, वेल-वेळ, काल-काळ अशा जोड्या म्हणा. ळ ऐकू आला की हात वर. हिंदी घरातलं मूल ‘फळ’ वाचताना ‘फल’ म्हणालं आणि बोट फळाच्या चित्रावर ठेवलं, तर ते वाचन बरोबर धरा. उच्चार मागून येतो. च, ज, झ यांचे आपल्याकडे दोन-दोन आवाज आहेत. ‘चार’ आणि ‘चारा’ शेजारी ठेवून म्हणून दाखवा.

बिघडतं कुठे ते सांगतो. सगळा वर्ग एकसुरात ‘क काना का’ म्हणतो आणि शिकवणं झालं असं वाटतं. फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवून घेतलेलं असतं, पण वाचता येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येकाला ओळखीच्या अक्षरांचे, पण पुस्तकात नसलेले दहा शब्द वाचायला द्या, चित्राशिवाय. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं, दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीत किमान ६० शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे. पहिलीत घड्याळ लावू नका. गणित तपासताना ‘किती उरले’ कळलं नाही तर ‘कितने बचे’ म्हणा. बेरीज-वजाबाकी तपासताय, मराठी नाही.

वर्गात हिंदी चालवता म्हणून कुणी हरकत घेतली, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ दाखवा. शिक्षण शक्य तितकं मुलाच्या मातृभाषेतून असावं, असं ते सांगतं.

प्रश्न: मुलगी तिसरीत आहे. ‘मले’, ‘तुले’, ‘जाऊन राहिली’ असंच बोलते. वर्गात हसतात. आम्ही घरी भाषा सुधारावी का? (महालातील एक वडील)

उत्तर: सुधारायला ती बिघडलेली नाही. ‘जाऊन राहिली’ ही चालू क्रियेची नियमाने चालणारी रचना आहे, आणि ‘मले’मधला ‘ले’ हा ‘ला’च्या जागी येणारा प्रत्यय आहे. ज्या वऱ्हाडातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात महानुभावांनी मराठी गद्य लिहिलं, त्याच पट्ट्यातली ही बोली आहे.

पण परीक्षेतलं लेखन प्रमाण मराठीत लागतं, आणि ते तिला आलंच पाहिजे. त्यासाठी बोलताना टोकू नका, लिहिताना जोडी दाखवा. वहीच्या पानावर मधोमध रेघ: डावीकडे ‘घरी’, उजवीकडे ‘वहीत’. मले–मला, काऊन–का, कायले–कशाला, जाऊन राहिली–जात आहे. रोज तीन वाक्यं तिनेच डावीकडून उजवीकडे न्यायची, आणि एक उलट, उजवीकडून डावीकडे. उलट न्यायला लावलं की दोन्ही नियम तिला दिसतात आणि बोली खालची आहे असं मनात बसत नाही. आठ वर्षांच्या मुलीला हे महिना-दीड महिन्यात जमतं. हसणाऱ्यांचा विषय वर्गशिक्षकांकडे न्या. तो मुलीच्या भाषेचा दोष नाही.

प्रश्न: जयपूरहून बदली होऊन आलो, जरीपटक्यात राहतो. घरी सिंधी आणि हिंदी. मुलगी सीबीएसई शाळेत सहावीत जाईल. मराठी घ्यावीच लागेल का? तिला एक अक्षर येत नाही.

उत्तर: घ्यावी लागेल. शाळांमध्ये मराठीचं अध्यापन आणि अध्ययन सक्तीचं करणारा राज्याचा कायदा २०२० चा आहे आणि तो सगळ्या मंडळांच्या शाळांना लागू आहे. २०२०-२१ मध्ये पहिली आणि सहावीपासून सुरुवात झाली आणि दरवर्षी एक-एक इयत्ता वाढत गेली. न शिकवणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. करोनाच्या काळात नीट शिकवणं झालं नाही म्हणून २०२२-२३ मध्ये आठवीत असलेल्या मुलांना दहावीपर्यंत गुणांऐवजी श्रेणी देण्याची सवलत मिळाली होती. ती त्या एका तुकडीपुरती होती. कुणी तिचा दाखला दिला तर तुमच्या मुलीला तो लागू नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळेतही राज्याची भाषा शिकवायला लावता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात मान्य केलं आहे.

पण ‘एक अक्षर येत नाही’ हे खरं नाही. हिंदी लिहिणाऱ्या मुलीला जवळजवळ सगळी अक्षरं येतात. तिला ळ नवा आहे, आणि इंग्रजी शब्दांतले ‘बॅट’, ‘बॉल’सारखे आवाज लिहायच्या खुणा थोड्या सवयीने येतील. छापील मराठीत ल आणि श यांची वळणं जरा वेगळी दिसतील, तेवढी दाखवून द्या. अक्षरगिरवणीत महिना घालवू नका. शिकवणीवाले नेमकं तेच करतात.

तिचा खरा अडथळा सामान्यरूपाचा आहे. हिंदीत ‘स्कूल में’, ‘नदी में’ असे शब्द सुटे राहतात. मराठीत प्रत्यय चिकटतो आणि चिकटताना शब्द बदलतो: शाळा–शाळेत, रस्ता–रस्त्यावर, माणूस–माणसाला, पाणी–पाण्यात. हिंदी घरातून आलेली मुलं ‘शाळामध्ये’, ‘माणूसला’ लिहितात आणि पानभर लाल शाई उमटते. रोज पाच नामं घ्या आणि प्रत्येकाला ‘ला’, ‘त’, ‘चा’, ‘वर’ लावून तोंडी म्हणून घ्या. दोन महिन्यांत तीनशे शब्द होतात, आणि साचे ओळखायला एवढे पुरतात.

दुसरी गोष्ट लिंगाची. मराठीत तीन लिंगं आहेत आणि ओळखीचे शब्द दगा देतात. पुस्तक हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. आवाज हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. चाय ती, पण चहा तो. म्हणून नवा शब्द वहीत एकटा लिहायचा नाही, ‘तो चहा’, ‘ते पुस्तक’ असाच लिहायचा. तिसरी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. हिंदीत कवि, गुरु. मराठीत कवी, गुरू. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ, ‘आणि’, ‘परंतु’ यांसारखे थोडे शब्द सोडून. हा एक नियम पाळला तरी शुद्धलेखनाचे बरेच गुण वाचतात.

शाळेत प्रवेशाच्या वेळीच लेखी अर्ज द्या की मुलगी परराज्यातून आली आहे आणि पहिलं सत्र तिला सोपं वाचन मिळावं. सहावीचं पुस्तक तिच्या हाती लगेच देऊ नका. तिसरीच्या आणि चौथीच्या बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात, तिथून सुरुवात करा.

प्रश्न: मुलगा दुसरीत, मराठी शाळेत. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आली आणि गेली म्हणे. नेमकं काय झालं? नागपूरच्या पोरांना हिंदी येतेच, मग अडचण काय होती?

उत्तर: आधी घटना. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही सक्तीची तिसरी भाषा झाली. विरोध झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला: तिसरी भाषा ‘सर्वसाधारणपणे’ हिंदी, पण वर्गातल्या किमान २० मुलांनी मागितली तर दुसरी भारतीय भाषा. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याची घोषणा झाली आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्याआधी मराठी शाळांत हिंदी पाचवीपासून होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात आणि कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही, असं लिहिलेलं आहे. त्यात हिंदीचं नाव सक्तीची भाषा म्हणून नाही.

आता तुमचा दुसरा मुद्दा. नागपूरच्या मुलांना हिंदी येते, हे अगदी खरं. हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि त्या प्रांताचा कारभार हिंदी-मराठी दोन्हींत चालायचा. इतवारीत, सदरमध्ये मूल हिंदी रस्त्यावरच उचलतं. म्हणूनच पहिलीत तिचा वेगळा तास लावायची घाई नाही. हिशेब करून बघा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं आहे. रोज ३५ मिनिटांचा एक तास तिसऱ्या भाषेला दिला तर वर्षाला ७,००० मिनिटं, म्हणजे सुमारे ११७ तास जातात. एकूण वेळेचा सातवा हिस्सा. तो गणितातून आणि मराठी वाचनातूनच येणार. ज्या शाळेत पट ६० पर्यंत आहे तिथे कायद्याने पाच इयत्तांना मिळून दोनच शिक्षक असतात. त्यांनीच पाच वर्गांच्या तीन भाषा सांभाळायच्या.

मराठी वाचन पक्कं झालेलं मूल पाचवीत हिंदी वाचायला काही आठवड्यांत लागतं, कारण लिपी तीच आणि कान तयार. उलट पहिलीत ‘पाणी’ आणि ‘पानी’, ‘की’ आणि ‘कि’ एकाच महिन्यात लिहायला लावलं तर दोन्हीकडचं लेखन डळमळतं. आमचं मत स्पष्ट आहे: हिंदी हवी, पण पहिली भाषा वाचता आल्यानंतर. तुमच्या मुलाने दुसरीअखेर एक अनोळखी उतारा मराठीत समजून वाचला पाहिजे. यंदा सगळं लक्ष तिथे द्या.

हिंदी, उर्दू, सिंधी, तेलुगू माध्यमांच्या मुलांचा विचार या वादात फारसा कुणी केला नाही. ती मुलं स्वतःची भाषा, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा पहिलीपासूनच शिकतात. उर्दू माध्यमाच्या मुलाला तर लिप्याही तीन, आणि त्यातली एक उजवीकडून डावीकडे. त्यांना पहिली दोन वर्षं मराठी फक्त तोंडी असावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न: पाचवीपासून सेमी घ्यायचं का? मुलीचं मराठी आणि गणित दोन्ही चांगलं आहे. (एक पालक, हिंगणा)

उत्तर: मराठी चांगलं आहे म्हणजे तयारीचा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा शाळेकडे असतो. प्रवेशाआधी तुकडीत जाऊन विचारा की गणित आणि विज्ञान शिकवणारे शिक्षक समजावताना कोणती भाषा वापरतात. ‘पुस्तक इंग्रजी, समजावणं मराठी, शब्द दोन्ही’ हे उत्तर चांगलं. ‘सगळं इंग्रजीतच’ म्हणाले आणि सहावीच्या मुलांच्या वह्यांत सगळ्यांची उत्तरं शब्दशः सारखी दिसली, तर तिथे पाठांतर चाललंय.

गणितात अडतं कुठे ते एका वाक्यात बघा. ‘१२ मधून ५ वजा करा’. मुलगी ऐकते त्याच क्रमाने लिहिते: १२ − ५. इंग्रजीत तेच ‘सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह’ होतं. आधी पाच ऐकू येतो, आणि गणितात हुशार असलेली मुलगीसुद्धा ५ − १२ लिहिते. ‘फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह’चंही तसंच. ही गणिताची चूक नसते. मे महिन्यात अशी वीस-पंचवीस वाक्यं घेऊन बसा: फ्रॉम, दॅन, बाय, ऑफ, ईच, अॅट लीस्ट. प्रत्येक वाक्य तिने आधी मराठीत सांगायचं, मग चिन्हांत लिहायचं.

एक फायदा इंग्रजीकडेही आहे. मराठीत ३७ म्हणताना आधी सात येतो, सदतीस, आणि लहान मुलं ७३ लिहून मोकळी होतात. ‘थर्टी सेव्हन’ जसं लिहितो तसंच बोललं जातं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तीस सात’ असं वाचनही दिलं गेलं ते याच कारणाने, आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. कारण मात्र खरं होतं.

विज्ञानासाठी दोन रकान्यांची नाही, तीन रकान्यांची वही करा: इंग्रजी शब्द, मराठी शब्द, आणि तिच्या भाषेत एक वाक्य. इव्हॅपोरेशन, बाष्पीभवन, ‘ओला टॉवेल उन्हात वाळतो तेव्हा पाणी हवेत जातं’. तिसरा रकाना कोरा राहिला तर पहिले दोन पाठ केलेले आहेत असं समजा. दर आठवड्याला आठ-दहा शब्द, जास्त नको. दिवाळीपर्यंत तिला धडा मराठीत समजावून सांगता येत नसेल, तर तुकडी बदलण्याचा विचार सहामाहीनंतर लगेच करा, वार्षिक परीक्षेची वाट बघू नका.

प्रश्न: देवलापार भागात जिल्हा परिषद शाळेत आहे. पहिलीतली नऊ मुलं घरी गोंडी बोलतात. मला गोंडी येत नाही, पुस्तकही नाही. काय करू?

उत्तर: बालभारती आठ माध्यमांत पुस्तकं काढते, त्यांत गोंडी नाही, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांतही ती नाही. पण राज्यघटनेचं कलम ३५०-अ प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी करण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. तेव्हा तुम्ही जे कराल ते नियमाबाहेर नाही.

हिंदी आणि छत्तीसगडी मराठीच्या नात्यातल्या आहेत. गोंडी द्राविडी कुळातली. ‘पाणी’ला गोंडीत ‘येर’ म्हणतात. अंदाजाने काहीच लागत नाही, म्हणून या मुलांना तोंडी काळ जास्त लागतो, वर कळमन्याच्या वर्गासाठी सांगितलेले सहा आठवडे नव्हे, पूर्ण पहिलं सत्र धरा. गोंडीच्या स्वतःच्या लिप्या आहेत, मसराम आणि गुंजाला. गावात त्या जाणणारं कुणी असेल तर जरूर बोलवा. वर्गातल्या कामासाठी मात्र देवनागरीत लिहा, कारण वाचायला शिकायची आहे ती लिपी तीच.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. पुढच्या सभेत गोंडी बोलणारी एक आई किंवा आजी मागा, आठवड्यातून दोन दिवस, एक-एक तास. पहिल्या दिवशी त्यांच्याकडून वर्गातल्या तीस सूचना गोंडीत घ्या: ये, बस, ऐक, दाखव, पाणी पिऊन ये, लघवीला जायचंय का. स्वतः पाठ करा. मग त्यांनी एक गोष्ट गोंडीत सांगायची, मुलांनी चित्र काढायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चित्रावर तुम्ही तीच गोष्ट मराठीत सांगायची. गोष्ट आधीच कळलेली असल्याने मुलं मराठी शब्द चित्रावरून पकडतात. चित्राखाली एक ओळ गोंडीत आणि एक मराठीत, दोन रंगांत. नऊ मुलांची नऊ पानं शिवली की वर्गाचं पहिलं पुस्तक तयार होतं. कार्डशीट जाड घ्या, ती पानं रोज हाताळली जातात.